जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, मग मिडवाइफ कशाला?

डिचोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. बायकोला पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण. ते लिहितात: "गोव्यात सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात. डॉक्टर आहेत, १०८ आहे, बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ तासाभरात गाठता येतं. मग मिडवाइफची सेवा वाढवायला हवी असं का म्हणतात? आई विचारते, पुन्हा वयजीण (गावची सुईण) आणणार की काय? आणि ती सेवा येईल तेव्हा येईल, आम्ही आता काय करायचं? आईला लेबर रूममध्ये आत जाऊ देतील का?"

मी तीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढली, बहुतेक उत्तर गोव्यात. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. उत्तर लांबणार आहे.

आईंच्या प्रश्नापासून सुरू करते. माझा जन्म सत्तरीतल्या एका वाड्यावर वयजिणीच्या हातून झाला. तिच्याबद्दल माझी आई सांगायची ती एकच गोष्ट, की ती उठायची नाही. वेणा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत बाईच्या बाजूला बसून. कमरेला तेल चोळायचं, मध्येच दोन घोट पेज पाजायची, आडव्या वाशाला दोर बांधून तो धरून उभं राहायला लावायचं. घड्याळ नव्हतं, घाईही नव्हती. पण त्याच वाड्यावर माझी एक मावशी गेली. वार अडकली, रक्त थांबेना, आणि वयजिणीच्या हातात तिच्यासाठी काहीच नव्हतं. डोलीतून वाळपईच्या रस्त्याला लागेपर्यंत संपलं होतं. तेव्हा आईंना सांगा, वयजीण परत आणायचा विचार कुणीच करत नाही, मी तर नाहीच. तिचं बसणं मात्र परत आणायचं आहे, आणि तिच्याजवळ जे नव्हतं ते सगळं सोबत देऊन.

मिडवाइफ म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि पुढचे सहा आठवडे हे सगळं स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळणारी, शिकलेली आणि नोंदणी झालेली बाई. सरळ चाललं असेल तोवर ती पाहते. बिघडायला लागलं की ती ओळखते, पहिले उपचार स्वतः करते आणि डॉक्टरला बोलावते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नर्सिंग झालेल्या मुलींना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण द्यायचं, त्यांना 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' म्हणायचं आणि मोठ्या इस्पितळांत त्यांनी चालवायचे कक्ष उघडायचे, अशी ती योजना. तेलंगणाने त्याच्याही आधी, २०१७ साली सुरुवात केली होती. माझ्या पिढीच्या नर्सेसच्या नोंदणीवर 'नर्स' आणि 'मिडवाइफ' असे दोन्ही शब्द आहेत. पहिल्याचा पगार मिळतो, दुसरा कागदावर राहतो.

आता तुमचा प्रश्न. तुमचं म्हणणं खरंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातली ९९.७ टक्के बाळंतपणं इस्पितळात झालेली दिसली. देशात इतके चांगले आकडे फार थोड्या ठिकाणी आहेत. पण त्याच पाहणीत शेजारच्या रकान्यात आणखी एक आकडा आहे. गोव्यात शंभरातल्या जवळजवळ चाळीस बायकांचं सिझेरियन झालं. चौथ्या फेरीत ते प्रमाण तीसच्या वर होतं, आणि पाचव्या फेरीत देशाची सरासरी २१.५ टक्के. एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की त्यामुळे आई आणि बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे दारापर्यंत सगळ्या पोचतात. दारातून आत गेल्यावर काय होतं, ते बघायला हवं.

रात्रीची पाळी डोळ्यांसमोर आणा. दोन नर्सेस, चार-पाच बायका वेणांत, शिवाय वॉर्डातून सिझेरियन झालेलीचं बीपी बघायला बोलावणं, शिवाय रजिस्टरं. (एका बाळंतपणाची तीच तीच माहिती किती ठिकाणी लिहायची, ते मोजायचं मी फार पूर्वी सोडलं.) अशा एका रात्री एक मुलगी आली होती. पहिलटकरीण, धडधाकट. रात्री नऊला गर्भपिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं. घरून लांबून आलेली, परत कशी पाठवणार, म्हणून दाखल करून घेतलं. आई बाहेर बाकावर. हिला आत झोपवलं, खायला बंद केलं, न जाणो ऑपरेशन लागलं तर. दोन वाजता वेणा मंद वाटल्या म्हणून त्या वाढवायची ड्रिप लागली. ड्रिपच्या वेणा अंगावर येतात, आपल्या वेणांसारख्या चढत-उतरत नाहीत. पहाटे ती रडायचीही थांबली होती, नुसती भिंतीकडे बघत होती. सात वाजता पाच सेंटिमीटर, बाळाचे ठोके खाली जायला लागले, साडेसातला सिझेरियन. दोघंही सुखरूप घरी गेली. केसपेपर तपासलात तर बोट ठेवायला जागा सापडणार नाही, कारण प्रत्येक पायरीला कारण लिहिलेलं आहे. त्या पाळीतल्या दोघींपैकी एक मी होते.

माझ्या मनात राहिलं ते एवढंच, की रात्री नऊला ती खऱ्या वेणांत नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे वेणांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा. त्याआधीचा काळ किती लांबेल याला माप नाही, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही आम्ही घोकलेली जुनी फूटपट्टीही त्यांनी बाजूला ठेवली. त्या मुलीजवळ एक माणूस बसलं असतं तर तिला जेवू घातलं असतं, आईबरोबर व्हरांड्यात फिरवलं असतं, दोन तास झोपू दिलं असतं. वेणा वाढल्यावर उभं, बसतं, ओणवं, जसं बरं वाटेल तसं राहू दिलं असतं. बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे आणि कळा द्यायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. हे कुठल्याही पुस्तकात आहे. पण पाच बायकांमागे दोन नर्सेस असताना दर पाच मिनिटांनी कोण ऐकणार? तिथे ड्रिप हा माणसाला पर्याय होऊन बसतो. डॉक्टरांना मी यात दोष देत नाही. एक डॉक्टर ऑपरेशन थिएटर आणि लेबर रूम या दोन्ही ठिकाणी असतो. बसून राहणं हे त्याचं कामच नाही.

याला पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासते. तिच्या २०१६ च्या आढाव्यात १५ चाचण्या आणि १७,६७४ स्त्रिया होत्या. पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत त्याच मिडवाइफनी सांभाळलेल्या बायकांमध्ये दिवस भरण्याआधीची बाळंतपणं २४ टक्क्यांनी कमी झाली. बाळ ओढून काढायला चिमटा आणि व्हॅक्यूम कमी लागले, बाळाला वाट करायला खाली देतात तो छेद कमी द्यावा लागला. पण सिझेरियनमध्ये तिथे ठळक फरक दिसला नव्हता, आणि त्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या, हेही सांगायला हवं. म्हणून 'मिडवाइफ आणा, सिझेरियन झाडून टाका' असं कुणी भाषणात म्हणालं की मी मान हलवत नाही. गोव्यातलं सिझेरियन फक्त लेबर रूममध्ये ठरत नाही. इथला जननदर १.३ आहे, म्हणजे बऱ्याच घरांत एकच मूल होणार असतं. त्या एका मुलासाठी ना घरचे धोका पत्करायला तयार, ना डॉक्टर. लग्नं उशिरा होतात, आईचं वय वाढलेलं असतं. पहिलं सिझेरियन झालं की दुसरं जवळजवळ ठरलेलंच. त्यात ज्योतिषाकडून वेळ काढून आणणारेही मी पाहिले आहेत, त्यावर जास्त बोलत नाही. मिडवाइफचा हात पोचतो तो यातल्या एकाच गटापर्यंत: पहिलटकरणी, ज्यांचं सगळं सरळ चाललं होतं आणि रात्रीतून वाकडं झालं. तो गट लहान नाही. आणि पहिलं सिझेरियन टळलं की पुढचीही टळतात.

शिवाय सिझेरियनचं प्रमाण हा एकच हिशेब नाही. मावशीला नेलं ते रक्तस्रावाने, आणि आजही बाळंतपणातल्या मृत्यूंचं ते मोठं कारण आहे. यात माझी एक चूक सांगते. एका छोट्या केंद्रात होते, नोकरीची सुरुवातीची वर्षं. बाळंतपण छान झालं, वार पूर्ण आली, मी कागदावर लिहिलं: रक्त ३०० मिली. डोळ्यांनी अंदाज. अर्ध्या तासाने बाई म्हणाली, "सिस्टर, थंडी वाजते." खालची चादर उचलली तर गादीपर्यंत भिजलेलं. ती वाचली. गाडी दारात होती आणि बाटल्या शिल्लक होत्या, म्हणून वाचली. पण मला तेव्हा कळलं की डोळा रक्ताला नेहमी कमी लेखतो. आता बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावतात, रक्त तिच्यात जमतं, आकडा समोर दिसतो. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ऐंशी इस्पितळांत ही पिशवी वापरली, आणि रक्त वाढताना दिसलं की सगळे उपचार एकदम सुरू केले: गर्भपिशवी चोळणं, तिच्या आकुंचनाची औषधं, रक्त थांबवायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, रक्त कुठून येतंय ते शोधणं. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी कमी झालेले होते. यात एकही यंत्र नाही. पिशवीकडे बघणारं माणूस आणि ते सगळं सुरू करायचा अधिकार त्या माणसाला, एवढंच आहे.

त्या अधिकारापाशीच आपलं घोडं अडतं. नर्सला बाळंतपण येतं, पण छेद द्यायचा की नाही, पुढे पाठवायचं की नाही, हे ठरवायचं तर वरून हो यावं लागतं. आणि ती तयार झाली की तिची बदली डोळ्यांच्या वॉर्डात. मी स्वतः दोन वर्षं कान-नाक-घशाच्या ओपीडीत बसले होते, हातात बाराशे बाळंतपणांचा अनुभव घेऊन. केंद्राच्या सूचनांनुसार या मुलींना प्रसूतीच्या कामाबाहेर फिरवायचं नाही. ते पाळलं गेलं तरच बाकीच्या गोष्टींना अर्थ आहे. २०२३ मध्ये १९४७ च्या नर्सिंगच्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने मंजूर केला, त्याच्या नावातच नर्सिंगबरोबर मिडवाइफरी आहे. नावात आलं, आता पदात आणि पगारात यायचं आहे.

सेवा वाढवायची म्हणजे गोव्यात कुठे वाढवायची? इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात बाळंतपणाची खोली उघडा, असं मी म्हणणार नाही. राज्य लहान, जन्म कमी. महिन्याला चार बाळंतपणं होतात तिथे कुणाचाही हात बसत नाही, आणि बसलेला असेल तर गंजतो. लोकांनाही ते कळतं. डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या बायका जवळचं केंद्र सोडून सरळ म्हापशाला नाहीतर बांबोळीला जातात, दोडामार्ग-सावंतवाडीकडूनही येतात. म्हणून मिडवाइफचे कक्ष हवेत ते गर्दीच्या ठिकाणी: म्हापसा, मडगाव, बांबोळी, थिएटरला लागून. बिघडलं तर एक दार ओलांडायचं, बस्स.

पण तपासणी आणि नंतरचे सहा आठवडे लांब नेऊन चालत नाहीत. नेत्रावळीच्या आतल्या वाड्यावरून, गावडोंगरीहून, म्हादईपलीकडच्या गावांतून एका बीपीसाठी अख्खा दिवस मोडतो. कदंबची एक बस चुकली की दुसरी दुपारी. त्या कक्षातल्याच मिडवाइफनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वाळपईला, सांग्याला, काणकोणला बसावं. म्हणजे जिने पाचव्या महिन्यात पोट तपासलं, ती किंवा तिच्या चमूतली एखादी वेणांच्या रात्री भेटेल. देशात बाकी सगळीकडे आशा कार्यकर्त्या आहेत. गोव्याने ती योजना घेतली नाही, त्यामुळे घरापर्यंत पोचायला आपल्याकडे एएनएम (उपकेंद्रातली नर्स) आणि अंगणवाडीच्या बाई एवढ्याच. बाळंतीण घरी गेली की ती बहुतेक वेळा सगळ्यांच्या नजरेआड होते. बांधकामावर राहणाऱ्या परप्रांतीय बायकांचं तर विचारूच नका. पत्र्याच्या खोलीत तिसऱ्या दिवशी ताप येतो, भाषा कळत नाही, नवरा कामावर. आपल्या सुंदर आकड्यांमध्ये त्यांचं बाळंतपण इस्पितळात झालेलं असतं, पुढचे आठ दिवस कुठल्याच आकड्यात नसतात.

आता तुमच्या घरचं. तुमच्या चार महिन्यांत हे काही होणार नाही, आणि ते नाही म्हणून घरी बाळंतपण करायच्या फंदात पडू नका. हल्ली किनाऱ्याकडे तशी एक हवा आहे. माझ्या मावशीची गोष्ट पुन्हा वाचा.

पहिलं, रक्त. गोव्यात गरोदर बायकांपैकी चाळीस टक्क्यांच्या घरात रक्त कमी निघतं, चांगल्या खात्यापित्या घरांतही. बाळंतपणात सारखंच रक्त गेलं तरी एचबी अकरा असलेली उठून बसते आणि सात असलेली उठत नाही. लोहाची गोळी १८० दिवस, रोज. चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, कारण दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा लागतो, तो तासभर पुढे ढकला. गोळीने मळमळत असेल तर रात्री झोपताना द्या, आणि काळी शौचाला होते म्हणून घाबरून बंद करू नका. नाचणीचं तिजण, पालेभाजी, सुंगटं (कोळंबी) चालूच द्या, पण त्यांनी गोळीचं काम होत नाही.

दुसरं, तपासणीला जाल तेव्हा प्रश्न विचारा. ९ तारखेला सरकारी केंद्रांत खास तपासणी असते, तेव्हा डॉक्टर भेटतात. विचारा: वेणा सुरू झाल्यावर चालू-फिरू देता का? खायला-प्यायला देता का? छेद सगळ्यांना देता की लागेल तेव्हाच? बाळ जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवता का, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापता का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, या सगळ्यांवर सरकारच्या स्वतःच्याच सूचना आहेत. कुणी चिडलं तर गप्प ऐकून घ्या, पुढच्या वेळी पुन्हा विचारा. आणि वेणा सुरू झाल्या की लगेच गाडी काढू नका. घरी फिरा, न्हाऊ घाला, पेज द्या. पाच-पाच मिनिटांनी, तासभर नेमाने यायला लागल्या की निघा. मात्र पाणमोट फुटली, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, यांतलं काहीही झालं तर थांबायचं नाही. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर दिवस भरायचे बाकी आहेत म्हणून घरी बसायचं नाही.

आईंनी नाळेवर हळद, राख काही लावायची नाही, मध चाटवायचा नाही, पहिला चीक टाकायचा नाही. अंगाला तेल लावायला मात्र त्यांच्यासारखं कुणी नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, आत जाऊ देतील का. २०१६ पासून केंद्र सरकारने सरकारी इस्पितळांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंत झालेली असावी, तिला काही संसर्ग नसावा, आणि अधूनमधून बाहेर न जाता शेवटपर्यंत बसायची तिची तयारी असावी, एवढ्या अटी आहेत. नवराही बसू शकतो, पण आडोसा असेल तिथेच, आणि आपल्या लेबर रूममध्ये तो क्वचितच असतो. तेव्हा सातव्या महिन्यातच तिथल्या सिस्टरना आईंचं नाव सांगून ठेवा. ऐन वेळी दारात वाद घालून उपयोग होत नाही.

आणि आईंना हे वाचून दाखवा: डोक्याकडच्या बाजूला बसा. वेण आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने घट्ट दाबून धरा. वेण गेली की पाणी पाजा. "जोर लाव" असं सिस्टर म्हणेपर्यंत म्हणू नका, लवकर जोर लावला की ती दमते. शेजारच्या खाटेवरची ओरडत असेल तर तिच्याकडे बघू देऊ नका, स्वतःकडे बघायला लावा. आणि मध्ये मध्ये म्हणा, "बाय, भियेनाका, हांव हांगा आसां."